नवीन लावलेलं कुंतीचं कुंपण पिवळं पडतंय, कसं जगवू?

गौरीची_बाग (१४ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी, आमचं घर साताऱ्याजवळ कोरेगावच्या बाजूला आहे, नवीनच बांधलंय. पश्चिमेला तारेचं कंपाउंड आहे आणि त्याच्या आतून साठ फूट लांब कुंतीचं हिरवं कुंपण करायचं ठरवून ऑगस्टच्या शेवटी रोपं लावून घेतली. नर्सरीवाल्याचाच माणूस येऊन खड्डे घेऊन लावून गेला. रोपं तेव्हा दीड फुटाची होती, दीड-दीड फुटावर एक, एकच रांग, म्हणजे चाळीसेक रोपं. जमीन मुरमाड आहे पण वर आम्ही ट्रॉलीने काळी माती टाकून घेतली होती, साधारण अर्धा फूट.

पाऊस होता तोवर सगळं छान हिरवं होतं. आता ऑक्टोबरचं ऊन सुरू झाल्यापासून एकेक रोप मान टाकतंय. काहींचे शेंडे वाळलेत, काहींची खालची पानं पिवळी होऊन गळतायत, आणि मधला एक पट्टा आहे तिथे पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं विचित्र दिसतंय. रोज संध्याकाळी पाइपने पाणी देते, वरून पानंही धुते. शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या तारेतून तोंड घालतात ते वेगळंच.

मला हे कुंपण मनापासून हवंय हो, पश्चिमेचं ऊन आणि रस्त्याची धूळ दोन्ही अडेल आणि फुलांचा वास घरात येईल म्हणून कुंतीच निवडली. खत कमी पडतंय का? रोपं बदलू का? की कुंतीच आमच्या जमिनीत चालत नाही?

रोज_एक_रोप (१४ ऑक्टोबर)

ताई, खालची पानं पिवळी म्हणजे नत्र कमी. प्रत्येक रोपाला चमचाभर युरिया द्या आणि आठवड्याने १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत फवारा, माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांत लगेच फरक पडतो. पाणी रोज देताय ते चालू ठेवा, ऊन फार आहे.

वाफसा (१५ ऑक्टोबर)

गौरीताई, युरिया आत्ता अजिबात टाकू नका. रोज_एक_रोप यांचा सल्ला रुजलेल्या झाडाला चालेल, पण तुमची रोपं अजून रुजलीच नाहीत असा मला दाट संशय आहे. मुळांनी बाहेरची माती धरलेली नसताना रासायनिक खत दिलं की मातीतल्या पाण्यात क्षार वाढतात, मग मुळाला पाणी ओढणं आणखी जड जातं आणि पानांच्या कडा करपतात. मी कृषी खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे, आणि बंगल्यांची नवी कुंपणं मरताना बरीच पाहिली. त्यातली पाणी कमी पडून मेली ती थोडी, पाणी भलत्याच जागी पडून मेली ती जास्त. वर पानांकडे बघून काही ठरवू नका, पहिलं वर्ष मुळांचं असतं. मुळं धरली की वरचं आपोआप होतं.

एक करा. खुरपं घ्या आणि तीन ठिकाणी खणून बघा, एक अगदी वाईट रोप, एक जरा बरं, आणि तो हिरव्या शिरांचा पट्टा. ओल किती खोल गेलीय ते बोट घालून बघा. मातीला वास येतोय का बघा. खोडाला धरून रोप हळूच फिरवा, गड्डी (पिशवीतल्या मातीसकट मुळांचा गोळा) जागेवरच गोल फिरते की माती धरून आहे ते कळेल. आणि पिवळेपणा कोवळ्या पानांवर आहे की जुन्या, हे नक्की सांगा, त्यावर निम्मं निदान होतं.

गौरीची_बाग (१६ ऑक्टोबर)

काका, आज सकाळी खुरपं घेऊनच बसले. जे दिसलं ते तसंच सांगते.

गेटजवळचं रोप: वरची दोन बोटं माती चिंब ओली, त्याखाली काळी माती संपून मुरूम लागतो तो कोरडा ठणठणीत. खोड धरून फिरवलं तर अख्खी गड्डी गोल फिरली. उचलून बघितलं तर काळी पिशवी एका बाजूने फक्त फाडलेली, तळाला तशीच. आतली लाल माती इतकी कडक की खुरप्याचं टोक शिरेना. तळाशी मुळांचं जाड वेटोळं झालंय आणि गड्डीच्या बाहेर पांढरं मूळ एकही नाही.

नळाच्या बाजूचं रोप, तिकडे उतार आहे: खड्ड्यात खाली पाणी साचलेलं, आंबूस घाण वास. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं तर साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. हे रोप वरून कोमेजलेलं दिसत होतं म्हणून मी त्यालाच जास्त पाणी देत होते.

मधला पट्टा: बांधकामाच्या वेळी माल कालवायचे ती जागा. खणल्यावर पांढरे खडे, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे. पिवळेपणा कोवळ्या पानांवर जास्त, जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी.

वाफसा (१६ ऑक्टोबर)

फार नीट बघितलंत. साठ फुटांत तीन वेगळे आजार आहेत, एकच औषध सगळ्यांना देऊन चालणार नाही. सविस्तर लिहितो.

गेटच्या बाजूची रोपं तहानलेली आहेत. पिशवीतली लाल माती एकदा वाळली की पाणी आत घेत नाही, बाजूने निघून जातं, त्यामुळे आजूबाजूला चिखल आणि गड्डी आतून कोरडी असं होतं. जी रोपं फिरवल्यावर गोल फिरतात तेवढीच काढा, बाकीच्यांना हात लावू नका. ऊन उतरल्यावर, पाच वाजता वगैरे. गड्डी बादलीत पूर्ण बुडवा, बुडबुडे येणं थांबलं की पाणी आत गेलं समजा. पिशवी पूर्ण कापून काढा, तळाचं वेटोळं धारदार पात्याने इंचभर कापून टाका आणि गड्डीच्या बाजूंना वरपासून खालपर्यंत तीन-चार उभे छेद द्या. लोकांना मुळं कापायचा जीव होत नाही, पण गोल फिरलेलं मूळ सरळ होत नाही, ते तसंच जाड होत जातं आणि तीन-चार वर्षांनी चांगलं मोठं झालेलं झाड उभंच्या उभं वाळतं, तेव्हा कारणही सापडत नाही. लावताना गड्डीचा वरचा पृष्ठभाग जमिनीच्या बरोबरीने आला पाहिजे, खोड मातीत गाडू नका.

नळाकडची रोपं बुडालेली आहेत. मुरमात खड्डा घेऊन त्यात काळी माती भरली की ते सिमेंटचं टाकंच होतं, पाणी बाहेर जायला वाट नाही. कोमेजणं तहानेनेही येतं आणि मुळं कुजूनही येतं, वरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून खणून बघायला सांगितलं. तिथलं पाणी आठ-दहा दिवस पूर्ण बंद. रोपांच्या आतल्या बाजूने, खोडापासून साधारण नऊ इंच सोडून, सलग एक चर घ्या, दीड फूट रुंद आणि तितकाच खोल. चराचा तळ पहारीने फोडून ठेवा आणि उताराच्या टोकाला चर थोडा पुढे नेऊन पाण्याला बाहेर काढून द्या. चर भरताना निघालेला मुरूम, काळी माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत एकत्र करूनच भरा, नुसती काळी माती भरली की पुन्हा तेच होईल. हा चर साठही फूट घ्या. सगळ्याच मुळांना एका बाजूला तरी मोकळी जागा मिळेल. बाहेरच्या बाजूचं पुढच्या वर्षी बघू, दोन्हीकडून एकदम खणलं तर रोपं उघडी पडतील.

मधल्या पट्ट्यात लोह मिळत नाहीये. जमिनीत लोह असतं, पण सिमेंट-चुन्याने माती विम्ल (अल्कलाइन) झाली की ते मुळांना घेता येत नाही, म्हणून कोवळं पान पिवळं आणि शीर हिरवी. तिथला राडारोडा दीड फुटापर्यंत उपसून टाकून द्या, चाळून परत वापरू नका. तोवर वरून हिराकस (फेरस सल्फेट) फवारा, लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात ग्रॅमभर सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. फरशी आणि भिंत झाकून घ्या, गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. हिराकस जमिनीतून दिलं तर अशा मातीत ते लगेच अडकून बसतं, जमिनीतून द्यायचंच तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, महाग असतं पण तिथे तेच लागू पडतं.

पाण्याचं. रोज वरवर शिंपडणं आजपासून बंद. त्याने मुळं वरच्या दोन बोटांतच फिरत राहतात आणि एप्रिलमध्ये तो थर तव्यावर आल्यासारखा तापला की गेलं झाड. प्रत्येक रोपाला एका वेळी चार-पाच लिटर, सावकाश मुरेल असं. पुढचं पाणी वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर. खुरप्याने वीतभर खोलची माती काढा, मुठीत दाबा, गोळा झाला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. गोळा न फुटता तसाच राहिला तर अजून थांबा, गोळाच झाला नाही तर उशीर झालाय. जी रोपं आत्ता पुन्हा लावाल त्यांना मात्र पहिले पंधरा दिवस गड्डीवरच, खोडाजवळ पाणी पडू द्या, कारण मुळं अजून तेवढीच आहेत. मग हळूहळू पाणी बाहेर सरकवा.

ऊसपट्टा (१७ ऑक्टोबर)

काकांनी वाफशाचं सांगितलं ते लाख मोलाचं. मी कराडकडचा, शेती आहे. त्यात भर एवढीच की ताई, आच्छादन करा. आमच्याकडे उसाचं पाचट असतं ते लोक जाळतात, एक ट्रॉली सांगा कुणाला, स्वस्तात मिळेल. चार बोटं जाड थर पूर्ण चरावर पसरा, फक्त खोडाभोवती तीन-चार इंच मोकळं ठेवा, खोडाला चिकटून ओलं पाचट राहिलं की साल कुजते. पाचटाने ऑक्टोबरचं ऊन थेट मातीवर पडत नाही आणि पाणी निम्म्यावर येतं म्हटलं तरी चालेल.

एक सांभाळा, वाळवी. नवीन बांधकामाच्या जागी सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे मातीत राहतात, तिथून वाळवी लागते. चर खणताना लाकडाचा तुकडा दिसला की काढून फेका. निंबोळी पेंड मूठभर प्रत्येक रोपाच्या कडेला मिसळा. आणि शेणखत कच्चं नको हां, कच्च्या शेणात हुमणी येते, ती नेमकी पावसाळ्यानंतर मुळं खाते आणि रोप हातात उपटून येतं.

ठिबक बसवा शक्य असेल तर. १६ एमएमची इनलाइन नळी, ४० सेंटीमीटरवर ड्रिपर, साठ फुटाला खर्च फार नाही. तुमचं पाणी बोअरचं असेल तर क्षाराने ड्रिपर चोकअप होतात, महिन्यातून एकदा शेवटची टोपी काढून नळी धुवून काढा.

सावनेरी (१७ ऑक्टोबर)

मी विदर्भातून लिहितेय, आमच्या घरची संत्र्याची बाग आहे. कुंती दिसायला सुंदर, वासही सुंदर, पण एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. कुंती लिंबू-संत्र्याच्याच कुळातली आहे आणि सिट्रस सायला नावाची कीड तिच्या कोवळ्या फुटीवर मजेत राहते. हीच कीड संत्र्या-मोसंबीत ग्रीनिंग रोग पसरवते, आणि ग्रीनिंग लागलेलं झाड बरं होत नाही. आमच्या भागात बागेच्या बांधावर कुणी कुंती लावायला निघालं की आम्ही हात जोडून नको म्हणतो. ताई, तुमच्या आसपास मोसंबी किंवा लिंबाची बाग आहे का?

गौरीची_बाग (१७ ऑक्टोबर)

बाग नाही जवळपास, सगळा ऊस आणि आलं. पण अंगणात आमच्या सासूबाईंनी लावलेलं एक कागदी लिंबू आहे, त्यांचा फार जीव आहे त्याच्यावर.

वाफसा (१७ ऑक्टोबर)

सावनेरीताई, फार महत्त्वाचं बोललात. अंगणातल्या एका लिंबासाठी कुंपण काढायची गरज नाही, पण नवी फूट आली की शेंड्याची पानं उलटून बघायची सवय लावा. बारीक पिवळसर पिल्लं, पांढऱ्या मेणाच्या दोऱ्या सोडणारी, दिसली की निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि थोडं साबणाचं पाणी, कुंतीवर आणि लिंबावर दोन्हीकडे. कुणाची बाग शेजारी असती तर मी स्वतः म्हटलं असतं की कुंती काढा आणि दुसरं काही लावा. शेजाऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो तो.

तळकोकणी (१८ ऑक्टोबर)

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. साठ फूट एकाच जातीचं कुंपण म्हणजे एक रोग आला की सगळं गेलं. आमच्याकडे जुन्या वाड्यांना गडगा (दगडांचा बांध) असायचा, नाहीतर वई (झाडाझुडपांचं कुंपण), आणि वईत मिळेल ते लावायचे. शेर, अडुळसा, निर्गुडी, मोगली एरंड, मध्ये करवंद, आणि खुंट म्हणून पांगारा किंवा गिरिपुष्पाच्या फांद्या, जून लागला की हातभर लांब फांदी तोडून रोवायची, जगतेच. गिरिपुष्पाचा पाला परत खताला. एवढं पाणी, हिराकस, काही लागत नाही.

आणि शेळ्यांचं म्हणाल तर अडुळसा, निर्गुडी आणि शेर यांना शेळी सहसा तोंड लावत नाही. शेराचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास, घरात लहान मूल असेल तर तो नको. कण्हेरही लोक लावतात पण ती सगळीच्या सगळी विषारी आहे, मुलं आणि जनावरं असलेल्या घरात मी तरी लावणार नाही. दुरंताची पिवळी फळंही विषारी असतात, ती तर मुलांना हमखास खुणावतात.

गौरीची_बाग (१८ ऑक्टोबर)

दादा, राग कसला! पण मला एकसारखी हिरवी भिंत हवीय खिडकीतून बघायला, आणि कुंतीचा वास. तारेच्या बाहेरून शेळ्यांसाठी अडुळसा लावला तर? जागा आहे फूटभर.

तळकोकणी (१८ ऑक्टोबर)

उत्तम! बाहेर अडुळसा, आत कुंती. अडुळशाच्या काड्या आत्ता नको, जूनमध्ये लावा, म्हणजे पावसावरच लागतील. तोवर तारेला बाहेरून जुनी शेडनेट बांधून टाका, शेळीचं तोंडही आत येणार नाही आणि मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेचं ऊनही अडेल, कोवळ्या रोपांना त्याचाच जास्त मार बसतो.

बखरवाला (१९ ऑक्टोबर)

धागा वाचता वाचता राहवलं नाही म्हणून इतिहासातलं एक सांगतो, विषयाला धरून आहे. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ आत आणू नये म्हणून या देशात एक प्रचंड काटेरी कुंपण वाढवलं होतं, सिंधूकाठापासून दिल्ली, आग्रा, झाशी करत थेट तापीकाठच्या बुऱ्हाणपुरापर्यंत, म्हणजे आपल्या खानदेशाच्या दारात. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, जिथे जे जगेल ते. सुरुवातीला वाळक्या काट्यांचं होतं, ते वाळवी, वणवा आणि वादळात सारखं जायचं, म्हणून जिवंत झाडांचं करायचं ठरलं. ॲलन ह्यूम, तेच जे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते, ते १८६७ पासून काही वर्षं या जकात खात्याचे आयुक्त होते आणि या कुंपणात त्यांनी जातीने लक्ष घातलं. जमीन वाईट असेल तिथे चर खणून बाहेरून चांगली माती आणून भरली, पाणी धरून ठेवायला बांध घातले, कुठे कुठली जात लागते याचे प्रयोग केले. म्हणजे वाफसाकाका वर जे सांगतायत तेच काम शेकडो मैल. १८७९ मध्ये ती जकातीची सीमारेषाच रद्द झाली आणि कुंपण सोडून दिलं. ज्या कामासाठी ते उभं केलं ते फार क्रूर होतं, मीठ गरिबाच्या तोंडापासून लांब ठेवणारं, हे विसरता येत नाही. पण ओसाड मुलखात झाडांची रांग जगवायची तर आधी जमीन तयार करावी लागते, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

त्या कुंपणाच्या शत्रूंमध्ये परोपजीवी वेलीही होत्या. आपल्याकडची अमरवेल आठवा. ताई, पिवळा दोरा दिसला कुंपणावर तर लगेच फांदीसकट कापून जाळा, नुसता ओढून काढला तर तुकडा राहतो आणि परत फुटतो.

जर्सीतली_जाई (२१ ऑक्टोबर)

सगळं वाचतेय, फार शिकायला मिळतंय. मी न्यू जर्सीत असते, आमच्या मागच्या अंगणात सप्टेंबरमध्ये आर्बरव्हाइटीची (कुंपणाला लावतात त्या सदाहरित झाडाची) रांग लावलीय, मुळांच्या गड्ड्याला गोणपाट गुंडाळलेलं होतं. आता आतल्या बाजूने तपकिरी होतायत. इथे थंडी येईल महिन्याभरात, मग पाणी बंद करायचं ना?

वाफसा (२१ ऑक्टोबर)

जाईताई, तिकडच्या हवामानाचा मला थेट अनुभव नाही, पण झाडाचं गणित तेच. सदाहरित झाड थंडीतही पानांतून पाणी सोडत राहतं आणि जमीन गोठली की मुळांना पाणी उचलता येत नाही, म्हणून जमीन गोठेपर्यंत खोल पाणी देत राहा, बंद करू नका. अगदी आतली जुनी पानं शरद ऋतूत तपकिरी होऊन गळणं त्या झाडात नेहमीचं आहे, शेंडे तपकिरी होत असतील तर काळजी. आणि गड्ड्यावरचं गोणपाट वरून तरी सोडवलंय ना ते बघा, मातीच्या वर टोक राहिलं तर ते वातीसारखं पाणी ओढून वाळवतं. हरणं येत असतील तर जाळी लावा, त्यांना ते झाड फार आवडतं असं तिकडचे सगळे सांगतात.

गौरीची_बाग (१२ जानेवारी)

नमस्कार, जरा उशिराने लिहितेय. चर घेतला, मधला राडारोडा सगळा उपसला, ट्रॅक्टरने बाहेर टाकला. गोल फिरणारी सगळी रोपं काकांनी सांगितलं तशी परत लावली, मुळं कापताना हात थरथरत होता खरं. नळाकडची काही गेली, ती वाचली नाहीत, तिथे नवीन लावली, या वेळी पिशव्या स्वतः कापल्या. पाचट टाकलंय. ठिबक झालं. मधल्या पट्ट्यात नवीन पानं हिरवी येतायत!

पण वाढ अजिबात नाही. दोन महिन्यांत बोटभरही नाही. आणि काही पानांवर पक्ष्याने घाण केल्यासारखं काहीतरी दिसतं, जवळून बघितलं तर ते हलतं, अळी आहे. फवारू का?

ऊसपट्टा (१२ जानेवारी)

वाढ थंडीत कशी होणार ताई, फेब्रुवारीच्या शेवटी बघा.

सावनेरी (१२ जानेवारी)

अळी बहुधा फुलपाखराची आहे, बहुरूपी किंवा लिंबावरचं. कुंतीवर आणि लिंबावर ही येतातच. नवीन रोपावर एक-दोन असतील तर राहू द्या, थोडीच पानं खातात. खूप झाल्या तर हाताने उचलून मोठ्या लिंबावर नेऊन सोडा. आपल्या राज्याचं फुलपाखरू निलवंत, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. त्यांना मारून बागेत काय मिळवायचं?

वाफसा (१३ जानेवारी)

सावनेरीताईंशी सहमत. वाढ दिसत नाही म्हणून अस्वस्थ होऊ नका, आत्ता काम खाली चाललंय. कडेचं पाचट बाजूला करून चराच्या मातीत हळूच बोट घाला, पांढरे केसासारखे तंतू दिसले तर तुमचं कुंपण लागलं. दिसले का कळवा.

गौरीची_बाग (१३ जानेवारी)

दिसले काका!! पाचटाच्या अगदी खालीच, पांढरे, आणि मातीचे कण धरून बसलेले. गेटच्या बाजूला जास्त, नळाकडे कमी पण आहेत.

गौरीची_बाग (९ जून)

उन्हाळा निघाला. शेडनेट होती म्हणून असेल, एप्रिलमध्ये शेवटच्या टोकाची दोन गेली, बाकी सगळी उभी आहेत, अडीच फुटांच्या आसपास. वळीव झाल्यावर नवी लालसर फूट आलीय सगळीकडे. प्रश्न एकच, खालून विरळ आहेत, खोडं दिसतात. घरातले म्हणतात चार फूट होऊ दे, मग कापू. मलाही आत्ता कापायला जीवावर येतंय, इतक्या कष्टाने वाढलीत.

रोज_एक_रोप (९ जून)

मी पण चार फूट होऊ द्या म्हणेन ताई, एकदा उंची आली की मग आकार देता येतो.

वाफसा (१० जून)

इथे मी ठाम आहे, आत्ताच कापा. ऑक्टोबरमध्ये मी कात्री लावू दिली नसती कारण पानं तेव्हा मुळांना पोसत होती. आता मुळं धरलीत, पाऊस तोंडावर आहे, फूट जोरात येणार. शेंडा राहिला की झाड सगळी ताकद वर नेतं आणि खालचे डोळे झोपून राहतात. चार फुटांवर जाऊन कापलं तर चार फुटांवर दाट होईल आणि खाली खोडं उघडीच राहतील, ती पुढे कधी भरत नाहीत, मग बुंध्यापासून कापून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आत्ता सगळी एका पातळीत दीड-पावणेदोन फुटांवर आणा. नवीन फूट वीतभर झाली की तिचे शेंडे पुन्हा खुडा. असं पावसाळ्यात दोन-तीनदा झालं की दिवाळीपर्यंत खालपासून भरलेलं दिसेल. चार फूट दाट भिंत व्हायला अजून दोन वर्षं धरा, कुंती सावकाश चालते.

आकार वर निमुळता, खाली रुंद. सरळ उभी भिंत कापली तर वरचा भाग खालच्यावर सावली धरतो आणि खालची पानं जातात. डोळ्याच्या अंदाजाने कापू नका, दोन टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणा. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीने काडी चिरते आणि तिथून वाळत खाली येते. ढगाळ दिवस बघा.

आणि मुसळधार सुरू झाला की पाइप-ठिबक बंद, पण चराच्या टोकाला काढलेली वाट आत्ताच मोकळी करून ठेवा, वर्षभरात माती बसून बुजली असेल. आता खत द्यायला हरकत नाही, कुजलेलं शेणखत घमेलाभर दर तीन-चार फुटाला आणि थोडं गांडूळखत. युरियाची घाई अजूनही नको, कोवळी लुसलुशीत फूट आली की सायला आणि मावा आलाच.

तळकोकणी (१० जून)

ताई, अडुळशाच्या काड्या लावायची हीच वेळ. तीन डोळे असलेली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, दोन डोळे मातीत आणि एक वर. तिरकी रोवा. आणि कुंती कापायच्या आधी आत एकदा हात घालून बघा, बुलबुल अशा ठिकाणी घरटं करतो, असेल तर तेवढा दोन फुटांचा भाग पिल्लं उडेपर्यंत सोडून द्या.

गौरीची_बाग (१४ जून)

घरटं नाही कुठे, नीट बघितलं. काल दिवसभर ढग होते, सुतळी ताणून सगळी कापली. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या, म्हणाल्या एवढी चांगली वाढलेली का गं कापतेस, त्यांना तुमचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला काका, मग त्यांनीच दुसऱ्या टोकाची सुतळी धरली. चराची वाट बुजली होती, ती उपसली. अडुळशाच्या काड्या वस्तीवरच्या मावशींनीच आणून दिल्या, त्यांच्याच शेळ्या आहेत. गेलेल्या दोन जागी नवीन रोपं आणायची आहेत, तेवढीच दीड फुटाची आणू की मोठी, म्हणजे बाकीच्यांना गाठतील?

वाफसा (१४ जून)

छोटीच आणा. मोठं रोप पिशवीत जास्त दिवस अडकलेलं असतं, वेटोळं जास्त. छोटं रोप पावसात लागलं की वर्षभरात बाकीच्यांना गाठतं. आणायच्या आधी नर्सरीतच पिशवीचा तळ चाचपून बघा, जाड मुळं बाहेर आली असतील तर दुसरं मागा.